आधी वही, मग रिमोट

गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दीडच्या आसपास सुटतात. बालवाडी त्याहूनही लवकर. दोन वाजता जेवून मोकळे झालेले मूल रात्री झोपेपर्यंत घरातच असते. आई-बाबांपैकी एकजण कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला, दुसरे पणजीला ऑफिसात, आणि घर सांभाळायला आजी-आजोबा. मुलांच्या टीव्हीवरचे बरेच सल्ले संध्याकाळी शाळेतून दमून येणारे मूल डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. आपल्याकडे दुपारी दोन ते सात हाच खरा पट्टा, आणि त्या वेळी रिमोट ज्यांच्या हाती असतो त्यांना कोणी काही विचारतच नाही.

फोंडा तालुक्यात बालवाडी आणि प्राथमिक वर्गांना शिकवताना पालकांसोबत टीव्ही कमी करण्याचा खटाटोप आम्ही बरीच वर्षे करत आहोत. त्याचा क्रम आता बऱ्यापैकी बसला आहे. टीव्ही कायमचा बंद करणे त्यात कुठेच नाही. जेवणाचे ताट, झोपायची वेळ आणि कोणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही, या तीन ठिकाणांहून तो काढला की बाकीचे बरेचसे आपोआप आटोक्यात येते.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलायचे नाही, फक्त लिहायचे. वहीच्या जोडपानावर सात दिवसांचे सात रकाने, सकाळी सहा ते रात्री अकरा अशा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी. टीव्ही चालू असेल तर चौकोनात एक तिरकी रेघ. मूल खरोखर बघत असेल तर तिच्यावर उलटी रेघ, म्हणजे फुली. मोबाईल हातात असेल तर ‘मो’. त्या वेळी जेवण किंवा खाणे चालू असेल तर खुणेभोवती गोल. वही टीव्हीशेजारीच ठेवायची आणि पेन्सिल दोऱ्याने तिलाच बांधायची, नाहीतर पेन्सिल दुसऱ्या दिवशी गायब होते आणि तिसऱ्या दिवशी नोंद. रात्री आठवून भरलेली नोंद हमखास कमी येते. रविवार सुटतो. आणि बहुतेक जण फक्त ‘कार्टून’ लिहितात. आजोबांच्या बातम्या आणि आजीच्या मालिका त्यांना मुलाच्या हिशेबात धरायच्या असतात हे पटतच नाही.

आठवड्याने वही उघडली की फुल्यांपेक्षा नुसत्या तिरक्या रेघाच डोळ्यांत भरतात. टीव्ही चालू आहे, मूल जमिनीवर गाडी घेऊन बसले आहे, बघत कोणीच नाही. पालक म्हणतात, ‘टीचर, तो तर बघतसुद्धा नव्हता.’ पण नुकसान तिथेच चालू असते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन तासभर खेळू दिले आणि त्यातला अर्धा वेळ शेजारी मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम चालू ठेवला. मुले पडद्याकडे अगदी क्षणभरच, अधूनमधून बघत होती. तरीही टीव्ही चालू असताना त्यांचा एकेक खेळ लवकर तुटत होता आणि खेळावर लक्ष टिकण्याचा काळ कमी होत होता. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, दुसरी बाजू तपासली गेली: मागे टीव्ही चालू असला की आई-बाबा मुलाशी कमी बोलतात, आणि जे बोलतात त्यातही अर्धे लक्ष पडद्यात.

आपल्या भागात याला महत्त्व जास्त. घरी कोकणी, शाळेत आणि देवळातल्या भजनात मराठी, दुकानात हिंदी, वरच्या वर्गांत इंग्रजी, एवढ्या भाषा मूल सहज पेलते. पण कोणीतरी समोर बसून बोलले तर. २००३ साली पॅट्रिशिया कूल या संशोधिकेच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मॅन्डरिन चिनी ऐकवली. समोर बसून खेळत बोलणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकून घेतले. तेच बोलणे टीव्हीवरून दाखवले तेव्हा काहीच शिकली नाहीत. बालवाडीत हे रोज दिसते. कार्टूनमधले हिंदी संवाद सुरात, हातवाऱ्यांसकट म्हणणारे तीन वर्षांचे मूल ‘डब्यात काय आणलंस?’ या प्रश्नावर गप्प बसते. त्याच्याकडे वाक्ये भरपूर असतात, आपल्या उत्तराची वाट बघणारे माणूस मात्र त्याला फारसे भेटलेले नसते.

किती तास चालतील, हा प्रश्न येतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मर्यादा सांगितली: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, आणि त्याहून कमी तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही याच वळणाची आहे, पाच वर्षांनंतर दोन तासांच्या आत. बाबा तारवार (बोटीवर नोकरीला) किंवा आखातात असतील तर त्यांच्याशी रोज होणारा व्हिडिओ कॉल यात धरू नये. पलीकडे उत्तर देणारे माणूस आहे.

दुसऱ्या आठवड्यात तिरक्या रेघांना हात घालायचा, म्हणजे आजीच्या मालिकांना. इथे घरे सर्वांत जास्त अडतात. मराठी वाहिन्यांच्या मालिका सातपासून साडेदहापर्यंत सलग असतात आणि आजीचा दिवसभरातला विरंगुळा तोच असतो. सुनेने सासूबाईंना ‘टीव्ही बंद करा’ म्हटले की विषय मुलाचा राहत नाही. हे बाबांनी आपल्या आईला सांगावे, सुनेने नव्हे, आणि सांगताना बदली वेळ हातात घेऊन जावे. बऱ्याच मालिकांचे पुनःप्रक्षेपण दुसऱ्या दिवशी दुपारी असते, वाहिनीच्या ॲपवर तर केव्हाही बघता येते. मूल दुपारी जेवून झोपते तेव्हाचा वेळ आजीचा. संध्याकाळच्या पाच मालिकांपैकी आवडत्या दोन ठेवाव्यात, त्या वेळी मूल दुसऱ्या कोणाबरोबर बलकांवावर (घरापुढच्या ओट्यावर) किंवा अंगणात. ब्लूटूथ हेडफोन हा उपाय कागदावर छान. आजींना कान झाकलेले आवडत नाहीत आणि चार्जिंग राहून जाते. टीव्ही आजीच्या खोलीत हलवणेही आम्ही सुचवत नाही, कारण मूल तिथेच झोपत असते.

आजोबांच्या बातम्यांचे वेगळे. अपघात, पूर, आग यांची तीच दृश्ये तासभर फिरत राहतात, आणि लहान मुलाला ती एकच घटना पुन्हा दाखवली जात आहे हे कळत नाही. त्याच्या लेखी तेवढ्या वेळा गाडी दरीत पडते. रात्री बाबा दुचाकीवरून यायला उशीर झाला की ते रडते आणि घरच्यांना कारण सापडत नाही. बातम्या वर्तमानपत्रात वाचाव्यात, नाहीतर मूल झोपल्यावर बघाव्यात.

आता यंत्राचे काम. सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत सेटिंगमध्ये पालक नियंत्रण असते. त्याचा मूळ पिन बऱ्याचदा ०००० किंवा १२३४ असतो, तो आधी बदलायचा, मगच वाहिन्यांना कुलूप. नवा पिन मोबाईलचाच ठेवला तर काही उपयोग नाही. पाच वर्षांच्या मुलाला तो पाठ असतो. स्मार्ट टीव्हीवर खरी गळती यूट्यूबची. मोठ्यांच्या यूट्यूबमध्ये ऑटोप्ले बंद करावा आणि मुलासाठी यूट्यूब किड्स वेगळे घ्यावे. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे तीन गट आहेत. पण लहानांसाठी ‘फक्त मंजूर केलेले’ हा पर्याय निवडणे चांगले, त्यात पालकांनी निवडलेल्याच गोष्टी दिसतात आणि शोधायची सोयच राहत नाही. ओटीटीवर मुलाचे प्रोफाइल वेगळे करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावायचा. २०२१ च्या नियमांनुसार तिथल्या कार्यक्रमांवर यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे शिक्के असतात. शिक्का वयाचा आहे, दर्जाचा नाही. यू शिक्का असलेले पुष्कळसे निव्वळ गोंगाट असतात.

पळवाटा ठरलेल्या. अक्षरे न येणारे मूल रिमोटवरचे माईकचे बटण दाबून हवे ते मागते. बाबांच्या मोबाईलवरून टीव्हीवर कास्ट करते. रिमोटच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या तर भिंतीवरच्या घड्याळातल्या आणते, आणि मग घरातल्या सगळ्यांच्या वेळा चुकतात. बॅटऱ्या काढण्यापेक्षा मुख्य स्विच बंद करून टीव्हीवर कापड टाकणे बरे. चालू करायला दोन कृती जास्त लागल्या की सवयीने चालू होणारा टीव्ही बराचसा थांबतो, मोठ्यांचासुद्धा.

जेवणाचा भाग सर्वांत नाजूक, म्हणून त्याला तिसरा आठवडा. ‘लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही’ ही तक्रार खरी असते. पडद्याकडे बघणारे मूल भूक आणि पोट भरल्याची जाणीव, दोन्हीकडे दुर्लक्ष करून गिळत राहते. कोणी कमी खाते, कोणी गरजेपेक्षा जास्त. आपल्याकडे आणखी एक अडचण. बांगड्याचा, तारल्याचा काटा जिभेने शोधून बाहेर काढायला मूल ताटाकडे बघतच शिकते. टीव्हीसमोर भरवलेल्या मुलाला आठव्या वर्षीही मासे सोलून द्यावे लागतात, आणि घाईत एखादा काटा राहिला की घशात अडकतो.

रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करू नये. त्या वेळी सगळेच दमलेले, आणि मूल उपाशी झोपेल ही भीती मोठी. सुरुवात सकाळच्या नाश्त्यापासून, तो आठवडाभर बसला की दुपारचे जेवण, शेवटी रात्रीचे. मुलाची पाठ टीव्हीकडे, ताटात नेहमीच्या निम्मे वाढलेले: दोन डाव भात, हुमण (माशांची आमटी), माशाचा एक तुकडा. घरातले निदान एक माणूस त्याच वेळी त्याच्याबरोबर जेवत असायला हवे. भरवणारे माणूस आणि जेवणारे मूल ही बैठक बदलली नाही तर टीव्हीची जागा मोबाईल घेतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचलायचे, न रागावता. पुढच्या जेवणाआधी दोन तास दूध, बिस्किटे, चिप्स काही नाही. फसते ते इथेच: मूल कमी जेवले म्हणून आजी चार वाजता दोन बिस्किटे देते, साडेपाचला ग्लासभर दूध, आणि आठ वाजता ‘बघा, टीव्ही नाही तर जेवत नाही’ हे सिद्ध होते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रडणे आधीपेक्षा वाढते. ते वाढणारच, जे आजवर मिळत होते ते मिळेना झाले की मूल आधी जोर लावून बघते. त्याच दिवशी हार मानून टीव्ही लावला तर मूल एवढेच शिकते की कालच्यापेक्षा दहा मिनिटे जास्त रडायचे. त्यामुळे धरून बसायची तयारी नसेल तर सुरूच करू नये. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात नको, गावच्या जत्रेच्या दिवसांत नको, मुलाला ताप असताना किंवा बाबांची रात्रपाळी चालू असताना नको. मूल खेळते आहे, लघवी नेहमीसारखी होते आहे, वजनाच्या तक्त्यावरची रेघ चढती आहे, तोवर चार दिवस कमी जेवल्याची काळजी नको. वजन आधीच कमी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच हात घालावा.

टीव्ही बंद करण्याच्या क्षणी होणाऱ्या रडारडीबद्दल एक गोष्ट उलटी निघते. ‘दोन मिनिटांनी बंद करणार हं’ अशी आधी सूचना द्यावी असे सगळेच सांगतात. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१६ मधल्या अभ्यासात घराघरांत नोंदी घेतल्या, तेव्हा अशा सूचनेने रडणे कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. गोष्ट आपणहून संपली, किंवा रोजच्या क्रमातच बंद व्हायचे ठरलेले असले, तर मुले सहज उठत होती. आमचा अनुभवही असाच. मिनिटे मोजण्यापेक्षा भाग मोजावेत. बरीचशी कार्टून अकरा-बारा मिनिटांच्या भागांची असतात; दोन भाग ठरले की दुसरा संपल्यावर बंद, आणि लगेच पुढचे काम हाताशी: झाडांना पाणी, कुत्र्याला भाकरी. भाग अर्ध्यावर असताना बंद करणे हा मुलावर अन्यायच. सिनेमा मध्येच बंद केला तर मोठेही चिडतात.

झोपेचा हिशेब बोटांवर करता येतो. सहा वर्षांनंतर मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा. आठची शाळा, साडेसहाला उठणे, म्हणजे पहिलीतले मूल साडेनवाच्या आत झोपलेले हवे. त्याआधी एक तास पडदा नको, म्हणजे साडेआठ. साडेदहापर्यंत चालणाऱ्या मालिकांचे गणित यात बसत नाही, मूल ‘बघत नाही’ असे म्हटले तरी. उजेडाने झोपेचे संप्रेरक उशिरा स्रवते हे एक कारण, आणि पुढे काय होणार ही उत्सुकता हे दुसरे. आमच्या मते लहानांच्या बाबतीत दुसरेच जास्त जागवते.

आठ वर्षांनंतरच्या मुलांना मात्र आपण ठरवलेले चालत नाही, त्यांना हिशेब त्यांच्याच हातात द्यावा लागतो. यासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथला संशोधक थॉमस रॉबिन्सन यांचा प्रयोग उपयोगी पडतो; तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या तिसरी-चौथीच्या मुलांनी आधी दहा दिवस टीव्ही पूर्ण बंद ठेवला आणि नंतर आठवड्याला सात तासांचा कोटा घेतला. शाळेतच त्याचे अठरा पाठ होते. सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या शाळेतल्या मुलांच्या तुलनेत या मुलांची वजनवाढ कमी होती. आहार किंवा व्यायामाचा वेगळा कार्यक्रम काहीच दिला नव्हता. घरी याचे रूप सोपे आहे: अर्ध्या तासाच्या चौदा चिठ्ठ्या एका डब्यात, सोमवारी भरायच्या. टी-ट्वेंटीचा पूर्ण सामना म्हणजे सात चिठ्ठ्या, एफसी गोवाचा सामना चार. मूल शनिवारच्या सामन्यासाठी मंगळवारचे कार्टून स्वतः सोडते, हे बघण्यासारखे असते. उरलेल्या चिठ्ठ्या पुढच्या आठवड्यात जात नाहीत आणि त्यांचे पैसे होत नाहीत. भावंडांचे डबे वेगळे, नाहीतर मोठ्याच्या चिठ्ठ्यांवर धाकटा फुकट बघतो. अभ्यास केल्याबद्दल जास्तीची चिठ्ठी किंवा भांडल्याबद्दल एक कमी, असे मात्र करू नये. त्याने टीव्ही घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू होऊन बसतो.

जाहिराती वेगळ्या शिकवाव्या लागतात. आठेक वर्षांपर्यंतच्या मुलाला जाहिरात आपल्याला काही विकण्यासाठी आहे हे नीट उमगत नाही. २००९ च्या एका प्रयोगात कार्टूनमध्ये खाण्याच्या जाहिराती असताना सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी समोरचा खाऊ ४५ टक्के जास्त खाल्ला. आवाज बंद करून ‘हे काय विकतायत ओळख’ हा खेळ चांगला चालतो. मुले लवकर तरबेज होतात आणि मग दुकानात आपल्यालाच पकडतात.

राहिला दुपारचा पट्टा. पडद्याची वेळ काढली की पहिली पंधरा-वीस मिनिटे मूल पायात-पायात येते, ‘काय करू’ म्हणते. तेवढा वेळ कोणी काही सुचवले नाही तर ते काहीतरी शोधतेच. सुचवायला गेलात तर रोज सुचवावे लागते. हाताशी एक खोका असावा: जुनी वर्तमानपत्रे, बोथट कात्री, खळ, खडू, सुतळी, नारळाच्या करवंट्या. साडेचारला ऊन उतरले की बाहेर. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जास्त उघड्यावर नेले, तर तीन वर्षांत चष्मा लागणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले; २०१५ मध्ये हे निष्कर्ष आले. डोळ्यांसाठी टीव्हीपासूनचे अंतर मोजत बसण्यापेक्षा हे सोपे.

जून ते सप्टेंबर हा क्रम मोडतो. मैदान चिखलाचे, अंगणात पाणी, आणि लाईट गेली नाही तर टीव्ही सुरू. पावसाळ्याची तयारी मेमध्येच करावी लागते: कॅरमचा स्ट्रायकर शोधणे, रेनकोटचे माप बघणे, पणजीच्या पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयातून किंवा गावच्या वाचनालयातून पुस्तके आणून ठेवणे. सरी थांबतात तेवढ्यात अर्धा तास बाहेर सोडायचे, पाय भरले तर भरले. चवथीआधी घुमट या वाद्यावरच्या आरतीचा सराव आणि गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीची फळे गोळा करणे सुरू झाले की महिनाभराचा प्रश्न मिटतो.

एक गोष्ट मात्र टीव्हीच्या खात्यावर टाकून वाट बघत बसू नये. वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, दीड वर्षाला बोटाने काही दाखवत नसेल किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलायचे थांबले असेल, तर टीव्ही बंद करा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरही गाठा. आधी कान तपासून घ्यावेत. ऐकू कमी येणारे मूलही टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते आणि आवाज वाढवते. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग आहेत. जाताना मूल घरी खेळत असतानाचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण मोबाईलवर न्यावे, टीव्ही बंद असतानाचे. तपासणीच्या खोलीत मूल बुजते, आणि डॉक्टरांना नेमके बघायचे असते ते घरातले वागणे.